कुठल्याच फ्रेममध्ये खोटं नाही

रेने लावांद हा अर्जेंटिनाचा जादूगार. जन्म १९२८चा. नऊ वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला आणि उरलेल्या डाव्या हातानं त्यानं जन्मभर पत्त्यांचे खेळ केले. २०१५ साली तो वारला. त्याच्या गाजलेल्या खेळात सहाच पानं असतात, तीन लाल आणि तीन काळी. तो ती एकाआड एक रचतो आणि उघडून दाखवतो, तर लाल लालांपाशी, काळी काळ्यांपाशी! मग पुन्हा तेच, जास्त सावकाश. याहून हळू हे करता येत नाही, असं तो सांगतो. जरा थांबतो. कदाचित येईलही, म्हणतो. आणि खरोखरच आणखी हळू करतो.

ह्या खेळाचं जुनं चित्रण दोघांनी माझ्यासमोर पाहिलं. शैलाताई निवृत्त चित्रपट-संकलक. फिल्म कात्रीनं कापून टेपनं चिकटवायच्या काळापासून ते संगणकापर्यंत सगळं केलेल्या. निखिल त्यांच्या बहिणीचा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे म्हणे, पण मी तरी त्याच्या खिशात पत्त्यांच्या कॅटखेरीज काही पाहिलेलं नाही. दोघांत जे झालं ते खाली देतो. मला जिथे राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

मावशी : थांबव. मागे घे. एवढं नको रे. आता एकेक फ्रेम पुढे जा.

निखिल : मावशी, झालं की तीनदा.

मावशी : तीसदा करू. जन्मभर दुसरं काय केलं? हे बघ, सेकंदाला पंचवीस फ्रेम. म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. तेवढ्यात कुणाच्या बापाला पान बदलून पुन्हा साळसूदपणे बसता येत नाही. त्यानं जे केलंय ते ह्या पट्टीत कुठेतरी आहे. असेल तर सापडेल. नसेल तर मधे कट आहे.

निखिल : कट नाहीये. एकच शॉट आहे.

मावशी : एकच शॉट दिसतोय. हे वाक्य माझ्यासमोर जपून बोलत जा. अरे, पडद्यावरच्या जादूची सुरुवातच कटनं झाली. मेलिएस मुळात जादूगार. पॅरिसचं रोबेर-उदँ थिएटर त्यानं १८८८मध्ये विकत घेतलं होतं. खुर्चीवरची बाई गायब करायची तर रंगमंचावर खाली दार लागतं, पडदा लागतो, सरावलेली बाई लागते. १८९६मध्ये हाच खेळ फिल्मवर घेताना त्यानं कॅमेरा थांबवला, बाई उठून गेली, कॅमेरा पुन्हा सुरू केला. संपलं.

निखिल : पण लावांद हाच खेळ वर्षानुवर्षं जिवंत माणसांसमोर करत होता. समोरच्या टेबलाशी बसलेल्या माणसांसमोर. ज्या खेळाला कटची गरजच नाही त्यात तो कट कशाला घालेल?

मावशी : बरं, कट नाही. मग हातात सापडेल.

निखिल : सापडेल. पण हातच सापडेल, आणखी काही नाही.

मावशी : कोडी नकोत. सरळ बोल.

निखिल : समज, तुला ती फ्रेम सापडली. दोन पानं एकावर एक चिकटलीयत आणि तो एकच असल्यासारखं ठेवतोय. तुला कळलं की हातानं काय केलं. पण आत्ता पहिल्यांदा बघताना तू फसलीस. ते का, हे त्या फ्रेमवर लिहिलेलं नसतं. पत्त्यांच्या खेळाचं उत्तर म्हणजे हाताचं उत्तर, असं धरून चालतेस तू.

मावशी : मग दुसरं कशाचं? हातचलाखी हे नावच सांगतंय. आणि तुझ्या माहितीसाठी, हे सव्वाशे वर्षांपूर्वी करून झालंय. आल्फ्रेद बिने. बुद्धी मोजायच्या चाचण्या काढल्या, तोच. त्यानं जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि हातचलाखीच्या मानसशास्त्रावर १८९४मध्ये लेख लिहिला. जॉर्ज देमेनीकडे लागोपाठ छायाचित्रं घ्यायचं यंत्र होतं. सिनेमाच्या इतिहासात आम्हाला देमेनी शिकवतात म्हणून मला ठाऊक. त्या यंत्रानं हातांची छायाचित्रं घेतली, एकेक वेगळं करून पाहिलं, तर जादू गुल! चित्रात सरळ दिसत होतं की वस्तू ह्या हातातून त्या हातात गेलेलीच नाही. ह्याला फसलं तरी कोण, असं वाटावं इतकं सरळ.

निखिल : मावशी, तू माझीच बाजू मांडलीस. एकेक चित्र पाहिलं की जादू नाही. सगळी ओळीनं पाहिली की आहे. मग ती चित्रात होती कुठे?

(इथे शैलाताईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं.)

मावशी : दाखव काहीतरी. हा लावांद राहू दे. तुझ्या हातचं दाखव. मी फोनवर घेते आणि मग बघते तुझं तत्त्वज्ञान.

निखिलनं कॅटमधून चार पानं काढली. तीन पालथी ठेवली आणि वरून तिसऱ्या जागी बदामची राणी उघडी सरकवली. चौघांचा गठ्ठा नीट जुळवला, कसलासा मंत्र पुटपुटला (तो फारच वाईट होता) आणि एकेक पान डाव्या हातात घेत मोजलं : एक, दोन, तीन, चार. चारही पाठी निळ्या. राणी नाहीच. मावशींनी फोन दिव्याखाली धरला आणि बोटानं चित्रण पुढे-मागे सरकवत बसल्या. आम्ही चहा प्यायलो. त्यांचा निवून गेला.

मावशी : मिळालं.

निखिल : सांग.

मावशी : पहिल्यांदा एक पान डाव्या हातात गेलं, ते खरं. ‘दोन’ म्हणालास तेव्हा दोन पानं एकदम गेली, एकावर एक जुळलेली. राणी त्यातल्या खालच्या बाजूला, वरच्या पानाआड. आणि त्याच हालचालीत पहिलं पान तू उजव्या हातात परत नेलंस. चोरटा कुठला! ‘तीन’ला शेवटचं पान. ‘चार’ला परत नेलेलं पहिलंच पान पुन्हा. म्हणजे एक पान मी दोनदा पाहिलं आणि राणी एकदाही नाही.

निखिल : शाबास. ह्याला एल्म्सली काउंट म्हणतात. अॅलेक्स एल्म्सली, स्कॉटलंडचा. गेल्या शतकाच्या मध्यावर त्यानं ही मोजणी बसवली, आणि आज पत्ते हातात धरणारा प्रत्येक जादूगार ती शिकतो. आता मला एवढंच सांग, ह्यातली खोटी फ्रेम कोणती?

मावशी : दुसरी. दोन पानं जातात ती.

निखिल : त्या फ्रेममध्ये काय दिसतं?

मावशी : एक निळी पाठ.

निखिल : तिथे निळी पाठ खरंच आहे ना?

मावशी : आहे.

निखिल : चौथ्या वेळी?

मावशी : निळी पाठ. तीही खरी.

निखिल : चारही वेळा तुला खऱ्या पानाची खरी पाठ दिसली. एकाही फ्रेममध्ये मी खोटं दाखवलेलं नाही. ‘चार वेगवेगळी पानं’ हे तू ठरवलंस. मी फक्त आकडे म्हटले.

मावशी : (बराच वेळ काही न बोलता) हे तर आमचंच आहे.

निखिल : तुमचं म्हणजे?

मावशी : संकलनाचं. एका शॉटमध्ये माणूस डावीकडे बघतो. दुसऱ्यात खिडकी. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, वेगवेगळ्या गावांत. खिडकी कुठल्या तरी भलत्याच घराची. तरी प्रेक्षक म्हणतो, तो खिडकीकडे बघतोय. रशियातला कुलेशोव त्याच त्या मख्ख चेहऱ्यापुढे कधी सूपची थाळी जोडायचा, कधी शवपेटी. लोकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसायची, एकदा दुःख. चेहरा तोच. जोडणी तेवढी प्रेक्षकाची. मी आयुष्यभर दोन शॉटांच्या मधल्या जागेत कामं केली आणि तुझा हा एल्म्सली दोन आकड्यांच्या मधल्या जागेत.

(मला वाटलं, वाद इथे मिटला. पण मिटवणं हे शैलाताईंच्या स्वभावात नाही. चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला.)

मावशी : पण म्हणून तुझं खरं ठरत नाही. मला पॉज मिळाला आणि मी पकडलं. पॉज नसता तर तू निसटला असतास. म्हणजे कॅमेरा जिंकला.

निखिल : पॉज नसतानाही पुन्हा पुन्हा बघता येतंच की. हुडिनीला ती संधी मिळाली होती. १९२२ साली शिकागोत जादूगारांची मेजवानी होती. तिथे डाय व्हर्नन नावाचा कॅनडाचा पोरगा, तिशीच्या आतला, हुडिनीसमोर उभा राहिला. हुडिनीची प्रौढी अशी की कुठलाही खेळ मला तीनदा दाखवा, कसा केला ते सांगतो. आणि पत्त्यांत तो काही कच्चा नव्हता. बेड्या तोडायच्या आधी तो पत्त्यांचा राजा म्हणूनच जाहिराती करायचा. व्हर्ननने त्याच्याकडून एका पानावर आद्याक्षरं लिहून घेतली. ते पान वरून दुसऱ्या जागी ठेवलं. चुटकी, पान सगळ्यात वर. पुन्हा ठेवलं, पुन्हा वर. तीन वेळा झालं, त्याहून जास्त वेळा झालं. हुडिनी म्हणत राहिला, तुझ्याकडे दुसरं तसलंच पान आहे. पानावर अक्षरं ह्याच्याच हातची! अखेर त्याच्या बायकोनंच त्याला सांगितलं, की तू फसलास. व्हर्ननला पुढे जन्मभर हुडिनीला फसवणारा माणूस म्हणून ओळखत, आणि तो जगला अठ्ठ्याण्णव वर्षं.

मावशी : कसं केलं त्यानं?

निखिल : त्यानं त्या रात्री नेमकं काय केलं ते तो जाणे. आज हा खेळ बहुतेक जण डबल लिफ्टनं करतात. वरची दोन पानं एकच असल्यासारखी उलटवायची. दिसतं ते दुसरं पान, पण बघणारा समजतो सगळ्यात वरचं. दोन्ही पालथी करायची. मग खरोखर वरचं असलेलं भलतंच पान उचलून मधे खुपसायचं. ज्याच्यावर सही आहे ते हललेलंच नाही. आता गंमत बघ. प्रेक्षक डोळे फाडून कधी बघतो? पान मधे खुपसताना. कारण त्याच्या मते जादू तिथून पुढे सुरू होते. त्या वेळी हात अगदी स्वच्छ असतात, कारण काम आधीच उरकलेलं असतं. हुडिनीनं तीनदा नाही, तीसदा बघितलं असतं तरी चुकीच्याच जागी बघितलं असतं.

मावशी : मी डबल लिफ्ट पकडली असती. उलटवताना कडा जाड दिसणार.

निखिल : पॉज करून, हो. अर्धा सेकंद जातो त्याला, म्हणजे तुझ्या बारा-तेरा फ्रेम. मी कुठे म्हणतोय की हात नजरेपेक्षा जलद असतो? ती जादूगारांनीच पसरवलेली अफवा आहे. लावांद एवढा हळू का करतो? लोक वेग शोधत बसतात म्हणून.

मावशी : मग नजर कुठे जाते, हे तो ठरवतो म्हणायचं.

निखिल : नजरेचंही सरळ नाही. गुस्ताव कुन हा जादूगार आणि मानसशास्त्रज्ञ. त्यानं मायकेल लँडबरोबर २००६मध्ये एक प्रयोग छापला. चेंडू दोनदा वर उडवायचा आणि तिसऱ्यांदा नुसता उडवल्यासारखं करायचं, चेंडू हातातच. जादूगारानं स्वतः वर बघितलं तर दोनतृतीयांशाच्या आसपास लोकांना चेंडू वर जाताना दिसला. नसलेला चेंडू! त्यानं हाताकडे बघितलं तर फसणारे निम्म्यानं कमी. आणि हे सगळं लोकांना व्हिडिओवर दाखवलं होतं. वर त्यांच्या डोळ्यांचा माग यंत्रानं घेतला, तर डोळे चेंडू नसलेल्या जागी गेलेच नव्हते. बरेचदा ते जादूगाराच्या चेहऱ्यावर होते. डोळे फसले नाहीत, माणूस फसला.

मावशी : हे मात्र मला आवडलं. म्हणजे जादूगाराचा चेहरा हेच मोठं हत्यार.

निखिल : म्हणून व्हिडिओ बघताना लोक खाली हाताकडे बघत बसतात आणि वर काय चाललंय ते सुटतं.

मावशी : थांब. आता माझं ऐक. तू हुडिनी काढलास, लावांद काढलास. दोघांची माणसं समोर होती. मी बोलतेय आजच्या व्हिडिओबद्दल. रस्त्यावर एक पोरगा कुणाला तरी थांबवतो, कुठलंही पान मनात धर म्हणतो, ती मुलगी म्हणते चौकटची सत्ती, आणि हा खिशातून चौकटची सत्ती काढतो. लाखो लोक बघतात. ह्यात हात कुठे आहे? खिशात सत्ती ठेवायची आणि कुणीतरी सत्ती म्हणेपर्यंत लोकांना थांबवत राहायचं! बावन्नात एक. छत्तीस जणांना विचारलं की निम्म्याहून जास्त शक्यता झाली. पस्तीस जणांचं चित्रण पुसून टाकायचं. माझ्या टेबलावर मी ह्याहून जास्त रीटेक फेकलेत.

निखिल : सत्तीऐवजी इस्पिकचा एक्का ठेवला तर छत्तीसही लागणार नाहीत. लोकांच्या तोंडी ठराविकच पानं येतात. पण हा जादूगार नव्हे, मावशी.

मावशी : का नव्हे? परिणाम तोच. तू म्हणतोस जादू हातात नाही, बघणाऱ्याच्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यात झाली की. आता का मागे सरतोस? डेरेन ब्राऊनचं काय मग? २००८चा त्याचा तो कार्यक्रम. नाणं सलग दहा वेळा छाप पडलेलं दाखवलं, एकाच शॉटमध्ये, कट नाही, बनावट नाणं नाही. हजारात एकदा घडणारी गोष्ट. मग स्वतःच उघड केलं, नऊ तासांहून जास्त वेळ नाणं उडवत बसलो होतो. माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत प्रामाणिक कट तोच.

निखिल : त्यानं सांगितलं म्हणून प्रामाणिक.

मावशी : आणि ज्यांनी सांगितलं नाही ते? एकच शॉट असला की तुम्ही लोक हात जोडता. शॉट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं. पी. सी. सरकारांचं काय झालं होतं लंडनला? ९ एप्रिल १९५६, बीबीसीचा ‘पॅनोरमा’. थेट प्रक्षेपण, म्हणजे कट करायची सोयच नाही. मुलीला टेबलावर झोपवून करवतीनं मधोमध कापली. मग तिला जागं करू लागले, ती उठेना. चेहऱ्यावर कापड टाकलं. तेवढ्यात निवेदकानं पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. वेळ संपली होती! बीबीसीचे फोन ठप्प झाले, कारण लोकांना वाटलं मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी पेपरांच्या पहिल्या पानावर सरकार. वेळ चुकून संपली असं तुला वाटतं? मला नाही वाटत. करवत राहिली बाजूला, जादू घड्याळानं केली.

(सरकारांची ही हकिगत मी अनेकांच्या तोंडून अनेक तऱ्हांनी ऐकली आहे, पण घड्याळाला श्रेय देणाऱ्या शैलाताईच पहिल्या. मला त्यांचं म्हणणं पटतं.)

निखिल : थेट प्रक्षेपणातही तुला कट दिसतो.

मावशी : शेवट हा कटच असतो. आणि आज शेवट कुठे करतात ठाऊक आहे? बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर. डेव्हिड ब्लेननं १९९७मध्ये रस्त्यावर जादू दाखवली तेव्हा कॅमेरा लोकांकडे वळवला. पान सापडलं की माणूस किंचाळतो, तोंडावर हात धरतो, पळत सुटतो. बघायला छान. पण संकलकाला विचार, जोड लपवायची सर्वांत जुनी जागा कोणती? ऐकणाऱ्याचा चेहरा. मुलाखतीत मंत्री अडखळला की आम्ही पत्रकाराची मान हलताना दाखवतो आणि मधलं वाक्य काढून टाकतो.

निखिल : पण तो चेहरा खरा असतो ना? त्या माणसानं खरंच काहीतरी पाहिलेलं असतं. तेवढा साक्षीदार पुरे.

मावशी : स्टेशनाबाहेर तीन पानं पालथी टाकून ‘राणी कुठाय’ विचारणारा बसतो, त्याच्या घोळक्यात पन्नास रुपये जिंकून हसणारा एक माणूस असतो. त्याचाही चेहरा खरा दिसतो. तो कुणाचा असतो?

निखिल : त्याचाच.

मावशी : मग?

निखिल : तिथे खिसा कापायचा असतो. इथे कुणाचं काही जात नाही. आणि साक्षीदार विकत घेतला तर त्या जादूगाराला आम्ही आमच्यात धरत नाही.

मावशी : तुम्ही धरत नसाल. मला पडद्यावरून ते कळणार कसं?

(निखिलकडे ह्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. त्यानं विषय बदलला, आणि तेही बरं केलं, कारण पुढचा खेळ मला माहीत नव्हता.)

निखिल : बरं, सगळं उघड केलेला एक व्हिडिओ दाखवतो. रिचर्ड वाइझमन, इंग्लंडमधला मानसशास्त्राचा प्राध्यापक, २००७चा. निळ्या पाठीची पानं. समोरची मुलगी एक पान निवडते, परत ठेवते. मग तिचं पान सोडून बाकी सगळ्या पानांच्या पाठी लाल. बघ.

मावशी : बघितलं. पानं बदलली. दोन वेगळे कॅट आहेत, मधे क्लोजअप आहे, तिथे बदलले.

निखिल : पानं सोड. बाकी काय बदललं?

मावशी : बाकी काय म्हणजे? तीच दोघं आहेत.

निखिल : त्याचा शर्ट बदलला. तिचा बदलला. टेबलावरचं कापड बदललं. मागचा पडदा बदलला. क्लोजअप चालू असताना चौकटीबाहेर सगळं उरकलं. पुढे हाच व्हिडिओ लांबून घेतलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यातून सगळं उघड दाखवतो.

मावशी : परत लाव.

(परत लावला. जिचं अर्धं आयुष्य ‘मागच्या शॉटमध्ये पेला अर्धा होता, ह्यात भरलेला कसा’ अशा चुका पकडण्यात गेलं, ती बाई बदललेला पडदा बघत होती. नजर पानांवर होती, एवढंच. पानं तर त्या व्हिडिओतली सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट होती. जादूवरच्या सगळ्या वादांत मला हा व्हिडिओ निर्णायक वाटतो, आणि तो हातचलाखीचा नाही हे विशेष.)

मावशी : हे अन्यायाचं आहे.

निखिल : का? प्रत्येक फ्रेम तुझ्यासमोर होती. पॉज तुझ्या हातात होता.

मावशी : कुठे थांबायचं ते ठाऊक असलं तर पॉजचा उपयोग.

निखिल : हे मी मघापासून सांगतोय.

मावशी : सांगतोयस, पण दुसरं एक लपवतोयस. उठ. तुझी ती चार पानं घे. आता मी तुझ्या डाव्या बाजूला उभी राहते. कर.

निखिल : अशी बाजूला नको.

मावशी : का?

निखिल : तिथून परत येणारं पान दिसतं.

मावशी : आणि मागून?

निखिल : मागून तर सगळंच.

मावशी : हे तुझ्या व्हिडिओचं खरं रहस्य. लहानपणी पुण्यात जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितला, तेव्हा आम्ही पोरं कुठे कुठे बसलो होतो! पुढच्या रांगेत, कोपऱ्यात, वर बाल्कनीत. त्यांना सगळ्यांची नजर सांभाळावी लागायची. हुडिनी व्हर्ननच्या बाजूला सरकू शकत होता, वाकून बघू शकत होता. लावांदसमोर टेबलाभोवती माणसं असायची. तुझ्या कॅमेऱ्याला एकच डोळा, तोही तू म्हणशील तिथे खिळवलेला. तो वाकत नाही, सरकत नाही, पान हातात घेऊन चाचपत नाही. मग तू एका शॉटमध्ये कर नाहीतर शंभर. कॅमेरा कुठे ठेवला, तिथेच तू अर्धा कट केलास.

निखिल : पण समोरासमोरही मी तुला कुठे बसवायचं ते ठरवतोच. खुर्ची पुढे करतो, दिवा कुठे आहे ते बघतो.

मावशी : पण मी उठू शकते.

निखिल : लोक उठत नाहीत.

मावशी : उठू शकतात. व्हिडिओ बघणारा शकत नाही. तेवढाच फरक, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे. लावांदचं चित्रण मला आवडतं ते एवढ्याचसाठी. त्याच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला उठून मागे जाता आलं असतं. ह्या नव्या पोरांपैकी किती जण कॅमेरा मागे ठेवू देतील?

निखिल : कुणीच नाही. मीही नाही. मागे ठेवला तर तुला हात दिसतील, बाकी काही होणार नाही.

मावशी : मग समोरचा व्हिडिओ दाखवून ‘कट नाही’ म्हणत जाऊ नकोस. ‘समोरून कट नाही’ एवढंच म्हण.

निखिल : चालेल. पुढच्या वेळी खाली तसं लिहीन.

मावशी : लिही. आणि आता ते चार पानांचं पुन्हा कर, ह्या वेळी मी मागे उभी राहते.

निखिल : मावशी, ते तुला सगळं माहीत झालंय.

मावशी : माहीत झालंय म्हणूनच. तू दोन पानं एकत्र कशी ढकलतोस ते अंगठ्याजवळून बघायचंय. फोनवर तिथे सावली येते.